अठरा वीसचा सूर्यास्त

“साधारण” हा शब्द कुणाच्या तोंडातून निघाला की कंट्रोलर ऐकायचं बंद करायचे. चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकानं पुसायचे आणि म्हणायचे, “साधारण नावाची गाडी माझ्या स्टँडवर कवा लागली न्हाई.” मी एकदा फोनवर ‘पाच-साडेपाचला येते’ म्हणाले, तर लगेच उत्तर आलं, “पाचला येणारी येगळी आणि साडेपाचला येणारी येगळी. कुणासाठी च्या ठिवू?”

त्यांचं खरं नाव आमच्या निपाणीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. बसस्टँडवरच्या काचेच्या केबिनमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. कुठली गाडी कधी आली, कधी सुटली ते वहीत लिहायचं आणि भोंग्यावर आधी कन्नडात, मग मराठीत पुकारायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ते कंट्रोलरच राहिले. त्यांची बायकोसुद्धा दारात आलेल्याला सांगायची, “कंट्रोलर जेवायल्यात, बसा.”

त्यांच्या पोरीच्या लग्नात मुहूर्त जवळ आला आणि नवरदेवाची वरात काही मांडवात येईना. भटजी म्हणाले, येतील हो थोड्या वेळात. कंट्रोलरनी त्यांच्या हातातला माईक काढून घेतला आणि दोन्ही भाषांत पुकारलं, “वरपक्षाची गाडी अकरा मिनिटं उशिरानं धावत आहे.” व्याही वर्षभर रुसून होते म्हणे. कंट्रोलरना त्याचं काही नाही. “अकराच मिनिटं झालती. बारा म्हणालो असतो तर राग मान्य केला असता.”

मला हा माणूस आधी अजिबात आवडायचा नाही, खरं सांगते. माझं निम्मं आयुष्य घाईत जातं. रोज उठून कोण माझी मिनिटं मोजणार? पण आईचा त्यांच्यावर फार जीव, आणि त्याला कारण होतं.

आम्ही जैन. आईनं बत्तीस वर्षांपूर्वी मुनिमहाराजांपुढं नियम घेतला, की दिवस मावळायच्या दोन घटका आधी तोंड बंद. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सूर्य वर येईपर्यंत अन्नाचा कण नाही. महाराज म्हणाले होते, औषधाची सूट ठेव. ही म्हणाली, सूट मागून घेतलेला नियम कसला? आता पावसाळ्यात आमच्याकडं आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. बायका बस्तीच्या, म्हणजे आमच्या मंदिराच्या, पायरीवर उभ्या राहून आभाळाकडं बघायच्या आणि वाद घालायच्या, की दिवस आहे का गेला. शेवटी कुणीतरी म्हणालं, वेळेचा माणूस स्टँडवर बसतोय की, त्याला विचारा. कंट्रोलर काही जैन नव्हते. पण त्यांनी पंचांग, रेखांश, काय काय काढलं आणि बस्तीच्या फळ्यावर खडूनं सूर्यास्ताची वेळ लिहून गेले. खाली ‘थांबायची वेळ’. त्या दिवसापासून रोज. ताप असला तरी यायचे. आईनं ढगाच्या दिवशी कधी आभाळ बघितलं नाही, फळा बघितला.

गावातलं कुणी गिरनारला निघो नाहीतर काशीला, प्रवासाचा आराखडा कंट्रोलरच करून द्यायचे. पैसा घ्यायचे नाहीत. अट एकच, परत आलं की येऊन प्रत्येक ठिकाणची खरी वेळ सांगायची. लोक हौसेनं फोटो दाखवायला जायचे. हे फोटोकडं बघायचेसुद्धा नाहीत. “डोंगर ऱ्हाऊ दे. चढायला किती मिनिटं लागली ते बोल.” स्वतः मात्र हुबळीच्या पलीकडं गेले नव्हते.

मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद करते. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या खोक्यांवर युरोपातल्या गावांची नावं टाईप करतेय. वडील गेल्यावर ठरवलं, एकदा आपण जायचं आणि आईला न्यायचं. आईला साखरेचा आजार, सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन. ती म्हणाली, “येतो की. पण माझा नियम मोडणार असंल तर तू एकटी जा.”

“एक दिवससुद्धा मोडणार नाही,” मी म्हणाले. “शब्द देते.”

शब्द द्यायला काय, जीभ वळवली की झालं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं. संध्याकाळचं इंजेक्शन घेतलं की अर्ध्या तासात जेवण पोटात गेलंच पाहिजे. नाहीतर साखर उतरेल, हातपाय थरथरतील, आणि तशीच राहिली तर शुद्ध जाईल. म्हणजे रोज संध्याकाळी आधी इंजेक्शन, मग जेवण, आणि ते सगळं सूर्यास्ताच्या दोन घटका आधी. तेही अनोळखी देशात, गाड्या बदलत. दिवाळीच्या सुट्टीशिवाय मला रजा नव्हती, आणि ऑक्टोबरच्या अखेरीला तिकडं दिवस लहान होत चाललेला असतो.

मी हौसेनं सात शहरांची यादी केली होती. लंडन, पॅरिस, ॲमस्टरडॅम, प्राग, ल्युसर्न, व्हेनिस, रोम. अकरा दिवस. आई म्हणाली, कंट्रोलरना दाखव.

त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि तांबडी पेन्सिल काढली. “लंडनला येगळा व्हिसा लागतोय. अर्ज केलास?”

“नाही अजून.”

लंडन गेलं.

“ॲमस्टरडॅमस्नं प्रागला कशानं?”

“विमानानं. दीड तास फक्त.”

“दारातनं दारात किती? हॉटेल सोडायचं, विमानतळ गाठायचा, दोन तास आधी जाऊन बसायचं, उतरल्यावर बॅगा, मग परत गावात. सात तास. दिस मावळला. गाव बघायला चाललाईस का गाव सोडायला?”

“काका, लोक करतात की हो असं!”

“लोक जेवण कवा करत्यात ते इच्यार त्यास्नी.”

माझ्या डोळ्यांदेखत चार शहरं तांबडी झाली. मी रागानं लाल. कागद ओढून घ्यायला हात पुढं केला, तेवढ्यात आई शांतपणे म्हणाली, “तीन गावं लई झाली की गं.” उरलं पॅरिस, ल्युसर्न, रोम. पॅरिसला उतरायचं, रोमहून परत फिरायचं, आल्या वाटेनं मागं यायचं नाही. रोमला चार रात्री, म्हणजे सगळ्यात जास्त, म्हणून तिन्ही देशांच्या एकाच व्हिसाचा अर्ज इटलीकडं. हे सगळं त्यांनी ओसरीवर बसून, नातवाच्या फोनवर वाचून काढलं होतं. मला मनातून मान्य करावं लागलं की माणूस चुकत नाही. तोंडानं नाही म्हणाले.

मग तालीम. हो, तालीम! पॅरिसहून ल्युसर्नला जाताना वाटेत बाझेल स्टेशनावर गाडी बदलायची आणि तिथंच जेवायचं, त्याची. एका रविवारी दुपारी आम्हाला भरलेल्या बॅगांसकट निपाणी स्टँडवर बोलावलं. चिक्कोडीची गाडी लागते ती जागा म्हणजे पॅरिसहून आलेली रेल्वे, आणि बेळगावची गाडी लागते तिथं ल्युसर्नची. मधे पाणपोई, शेंगावाले, गर्दी. शिट्टी वाजवली की उतरायचं, बॅगा ओढत पलीकडं जायचं, बाकावर बसून आईनं डबा खायचा, तोंड धुऊन गाडीत चढायचं. ओळखीची माणसं उभी राहून बघतायत, कुणीतरी विचारतंय, कुठं चाललाय वो? मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालेलं. आई मात्र गंभीरपणे दशमी खात होती आणि हे समोर घड्याळ धरून उभे.

“एकोणीस मिनिटं लागली वैनींना जेवायला. मी चौदा धरलीती. चावून खात्यात.” वहीत दुरुस्ती झाली. “बाझेल स्टेशनावर त्यापुढची गाडी धरायची.”

शेवटी त्यांनी एक जाड वही दिली. रोजचं एक पान. इंजेक्शन, जेवण, थांबायची वेळ, सूर्यास्त. पॅरिसला पोचायच्या दिवसाचा सूर्यास्त फोनवर बघितलेला, आणि पुढचे सगळे त्यांनी बस्तीच्या फळ्यासाठी काढायचे तसेच हातानं काढलेले. रोजची मिनिटं वजा, पूर्वेला सरकलं की रेखांशाची मिनिटं वजा. निघताना म्हणाले, “वहीबाहेर जाऊ नको. वहीत हाय ते व्हईल.”

दिवाळीला बस्तीत महावीरांचा निर्वाणलाडू चढवला, पाडवा केला आणि दुसऱ्या दिवशी सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, विमानात बसलो. पॅरिसचे दोन दिवस अगदी वहीबरहुकूम. आईनं तो लोखंडी मनोरा बघितला आणि म्हणाली, “ह्यावर चढायला किती मिनिटं लागत्यात ते लिहून घे, कंट्रोलर इच्यारतील.” आम्ही दोघी हसलो.

तिसरा दिवस रविवार. पॅरिसहून रेल्वेनं बाझेल, तिथं गाडी बदलून ल्युसर्न. सकाळी बघते तर आईचं मनगटी घड्याळ माझ्या फोनच्या एक तास पुढं. पॅरिसला उतरल्यावर मीच ते लावून दिलं होतं. मला वाटलं, घाईत चुकीचं लावलं असणार. काटा एक तास मागं घेतला आणि विसरून गेले. स्वतःला हुशार समजणाऱ्या बाईचा हा पराक्रम!

त्या दिवसाचं पान मला अजून पाठ आहे. सोळा चाळीस इंजेक्शन, गाडीत. सोळा छप्पन्न बाझेल. सतरा दहा जेवण, बाकावर. थांबायची वेळ सतरा बत्तीस. सूर्यास्त अठरा वीस.

चार वाजून चाळीस मिनिटांनी आईनं इंजेक्शन घेतलं. सुई डबीत ठेवली, खिडकीबाहेर बघितलं आणि तशीच बघत राहिली.

“दिस मावळायला आलाय गं.”

“छे. अजून पावणेदोन तास आहेत. हे बघ वहीत.”

“वही ऱ्हाऊ दे. भाईर बघ.”

बाहेर नांगरलेली रानं होती आणि त्यांच्यावर झाडांच्या लांबच लांब सावल्या. सूर्य तांबूस, खाली आलेला. पावणेदोन तासांचा सूर्य असा नसतो, हे मलासुद्धा कळलं. फोनवर बघितलं. सूर्यास्त सतरा वीस. वहीत अठरा वीस. बरोबर एक तासाचा फरक. समोरच्या बाकावरच्या बाईंना विचारलं, तर त्यांनी सहज सांगितलं, आज पहाटे घड्याळं एक तास मागं झाली ना, दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतात.

गाड्यांच्या वेळा त्याच दिवसाच्या वेळापत्रकातून घेतलेल्या, म्हणून वहीत नव्या घड्याळाच्या उतरल्या होत्या; सूर्याच्या मात्र पॅरिसच्या पहिल्या दिवसावरून मोजलेल्या, म्हणून जुन्या. ज्या माणसानं जन्मभर घड्याळाला देव मानलं, त्याच्या स्वप्नात तरी येईल का, की अख्खा देश एका रात्रीत सगळी घड्याळं मागं करतो? थांबायची खरी वेळ, सोळा बत्तीस, इंजेक्शनच्या आठ मिनिटं आधीच होऊन गेली होती, आणि इंजेक्शन आईच्या अंगात होतं.

“आई, आत्ता खा. लगेच खा.”

“थांबायची येळ गेली.”

“इंजेक्शन घेतलंयस! मरशील!”

“तुझा बा गेल्यापास्नं मरणाचं भ्या ऱ्हायलं न्हाई मला. नियम मोडायचं भ्या हाय.” एवढं बोलून तिनं हात जोडले आणि डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणायला लागली.

मी दाराशी जाऊन निपाणीला फोन लावला. तिकडं रात्रीचे सव्वानऊ झाले होते. पहिल्याच घंटीला उचलला. “बोल. बाझेल अकरा मिनिटांवर असंल.” हा माणूस तिथं वही उघडून आमच्याबरोबर प्रवास करत बसला होता.

मी सांगितलं. पलीकडं वहीची पानं भराभर उलटली.

“काका?”

“एक तास,” ते म्हणाले. “ऐन आज.” आणि मग अगदी बारीक आवाजात, “माझं चुकलं.”

“चुकलं ते मरू दे! ती तुमचंच ऐकते. तिला सांगा, वहीतली वेळ बरोबर आहे, अजून वेळ आहे म्हणून. एवढंच सांगा.”

“खोटी येळ सांगू?”

“हो! सांगा खोटी!”

“मी कवा खोटी येळ सांगितली न्हाई पोरी. तिच्या नियमाच्या बाबतीत तर न्हाईच न्हाई.”

“मग मारा तिला तुमच्या खऱ्या वेळेनं!” मी ओरडले. डबाभर माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी फोन बंद केला. त्या क्षणी तो माणूस समोर असता तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही.

बाझेलला उतरलो. बॅगा कशा उतरवल्या ते आठवत नाही. आईला बाकावर बसवलं. मी डबा उघडून मांडीवर ठेवला, तिनं झाकण लावलं. परत उघडला, परत लावलं. मी पाया पडले तिच्या. शिव्या दिल्या. साखरेची पुडी फोडून तोंडाशी नेली, तर तिनं ओठ घट्ट मिटले. वरच्या ओठावर घाम आला होता, थंडीत. जोडलेले हात थरथरत होते, आणि ते थरथरणं भक्तीचं नव्हतं. समोर रुळांच्या पलीकडं सूर्य एका छपराला टेकला होता. मदतीला माणूस बोलवावा, पण कुणाला, कुठल्या भाषेत, आणि आलेल्याला सांगायचं काय, की माझी आई डबा जवळ असून जेवत नाही?

फोन वाजला. कंट्रोलर. “वैनींना दे. आवाज मोठा कर.”

मी फोन आईच्या तोंडापुढं धरला. आणि त्यातून तो भोंग्यावरचा आवाज आला, सगळ्या निपाणीला ठाऊक असलेला, एकेक शब्द सुटा.

“वैनी, नमस्कार. मी वही तपासली. आजचा तुमचा सूर्यास्त अठरा वीस. थांबायची येळ सतरा बत्तीस. आता सतरा बारा झाल्यात. ईस मिनिटं हायती तुमच्याकडं.”

आई समोर बघत होती. सूर्य अर्धा छपराआड गेला होता.

“खरं व्हय, कंट्रोलरसाहेब?”

“मी कवा खोटी येळ सांगितलीया वैनी?” शेवटच्या शब्दाला तो भोंग्याचा आवाज फाटला.

“न्हाई,” आई म्हणाली. “कवाच न्हाई.” आणि तिनं डब्याचं झाकण काढलं.

तिचा हात इतका हलत होता की पहिला घास मीच भरवला. मी रडत होते, ती चावत होती. नेहमीसारखी, सावकाश. सूर्य गेला तेव्हा डब्यात अजून अर्धी दशमी होती. तीही तिनं संपवली. ल्युसर्नची गाडी आम्ही चुकवली आणि पुढची धरली.

पुढचे दिवस फोनवरचा सूर्यास्त बघून दुपारी चारलाच जेवण उरकत होतो. बर्फ बघितला, तळं बघितलं, रोममध्ये पाय दुखेपर्यंत हिंडलो. आईनं बाझेलचा विषय एकदाही काढला नाही. मीही नाही. तिला काही कळलं नसेल, असं मी स्वतःला समजावत होते. सूर्य तिच्या समोर मावळलेला असताना.

निपाणीला परतलो तर बस्तीचा फळा कोरा. बायका म्हणाल्या, दिवाळीनंतरच्या सोमवारी, म्हणजे आमच्या बाझेलच्या दुसऱ्याच दिवशी, कंट्रोलर आले, फळा पुसला आणि म्हणाले, माझ्या वेळेवर नियम पाळू नका. तेव्हापासून फिरकले नाहीत. मी त्यांच्या घरी गेले तर त्यांची बायको दारातूनच म्हणाली, “कुणाला भेटत न्हाईत. घड्याळसुद्धा काढून ठेवलंय.” मला रात्रभर झोप नाही. खोटं बोला म्हणून मीच ओरडले होते. त्यांच्याजवळ जे एकच होतं, ते मीच मोडायला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई डबा घेऊन निघाली. “चल, कंट्रोलरकडं जाऊन येऊ.” वाटेत मी सहज विचारलं, इंजेक्शन कधी घेणार?

“घेतलंय की. निघताना.”

जेवण कुठाय, तर डब्यात. आणि हिची पावलं अगदी सावकाश.

ओसरीवर जाऊन ती भिंतीला टेकून बसली. आत अंधारात ते खुर्चीवर बसलेले दिसत होते.

“कंट्रोलरसाहेब, आजची येळ सांगा.”

“पोरीच्या फोनवर बघा वैनी.”

“फोनवर नियम न्हाई माझा.”

“मी तुम्हाला खोटी येळ सांगितली. ठावं असून सांगितली.”

“मला ठावं हाय की. दिस माझ्या म्होरंच मावळत हुता.”

“मग जेवलासा का?” ते ओरडलेच. “बत्तीस वर्साचा नियम!”

“तुमी जन्मात पयल्यांदा खोटं बोललासा, ते माझ्या जिवासाठी. मी न जेवता गेलो असतो, तर ते खोटं फुकट गेलं असतं की वो तुमचं. म्हणून खाल्लं.” आईनं पदर सारखा केला. “माझं प्रायश्चित्त मी महाराजांकडनं घेतलंय. महिनाभर मीठ सोडलंय. तुमी किती दिस बसणार असं?”

तिनं डबा मांडीवर घेतला.

“इंजेक्शन घिऊन आलोय. वीस मिनिटं झाली. तुमी सांगितल्याबिगर डबा उघडत न्हाई.”

“आई!” मी किंचाळले. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कंट्रोलर बाहेर आले. दाढी वाढलेली, मनगट उघडं. कधी नव्हे ते अनवाणी अंगणात उतरले आणि स्टँडच्या छपराच्या पलीकडं, पश्चिमेला बघत उभे राहिले. ओठ हलत होते, बोटं पेरांवरून सरकत होती. आईच्या कपाळावर घाम आला का, म्हणून मी तिच्याकडं बघत होते आणि ती त्यांच्या पाठीकडं.

“सूर्यास्त सतरा एकोणसाठ,” ते म्हणाले. “थांबायची येळ सतरा अकरा.”

आईनं डबा उघडला. त्यांनी बायकोला हाक मारून पाण्याचा तांब्या मागवला, तो तिच्या पुढ्यात ठेवला आणि समोर जमिनीवरच मांडी घालून बसले. आईनं पहिला घास घेतला. आजवर कुणालाच म्हणाले नसतील असं मग ते म्हणाले.

“येळ हाय वैनी. सावकाश होऊ द्या.”